तोरणाखालचं बोलणं

या लिहिण्यात एकाही माणसाचं नाव नाही. मी काही जन्माचा असा सावध माणूस नाही. किराणा दुकानात बसणारा दिवसभर करतो काय, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या कपाशीवर बोंडअळी आली, नावानिशी सगळं ऐकतो आणि नावानिशी पुढे सांगतो. पण गेल्या वर्षभरात आमच्या गावातली नाव घ्यायची सवय गेली. ती कशी गेली, एवढंच सांगतो.

गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या तामसीच्या बाजूला. बसथांबा आणि गाव यांच्या मधे एक नाला आहे आणि नाल्यावर पूल आहे, म्हणजे कागदावर आहे. आम्ही मराठी बोलणारे, पोलीस ठाण्यातले तेलुगू बोलणारे, आणि दोघांची गाठ पडली की हिंदी. कामापुरतं सगळं चालतं. अडलं ते एकाच गोष्टीवर, ती म्हणजे पोळ्याची झडती.

ज्यांना झडती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की गावचे बैल सजून मारुतीच्या देवळापुढे येतात. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. एकेक जण त्या तोरणाखाली उभा राहून मोठ्याने चार ओळी म्हणतो, ती झडती. त्यात सरपंचाची टर उडवायची, मंत्र्याची उडवायची, स्वतःच्या सासऱ्याचीही उडवायची. घर बांधून देऊ म्हणायचं, गाढवावर बसवू म्हणायचं, तोंडाला येईल ते. आणि शेवटी गौरा-पारबतीला नमन करून ओरडायचं, ‘हर बोला!’ सगळं गाव उत्तर देतं, ‘हर हर महादेव!’ आणि गुलाल उडतो. त्या उत्तरासरशी वरचं बोलणं फिटलं. त्याचा राग धरायचा नाही, दुसऱ्या दिवशी ते उकरायचं नाही. निजामाच्या काळात एक गिरदावर तोरणासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि स्वतःवरची झडती ऐकून मांडीवर थाप मारून हसायचा, असं आजोबा सांगायचे. गिरदावर म्हणजे तेव्हाचा महसुलातला मोठा माणूस, त्याच्या नुसत्या घोड्याला गाव घाबरायचं.

आमच्या गावात शेवटची झडती दादाची, माझ्या थोरल्या भावाची. तो मान आमच्या घराकडे बापाच्या आधीपासून आहे. दादाचा ‘हर बोला’ झाला, गावाने उत्तर दिलं की मानाची जोडी धरणारा कासरा सैल करतो, बैल तोरण तोडून पळतात आणि पोळा फुटतो. दादाच्या आरोळीवर गावातले बैल सुटतात, हे लहानपणी मला फार मोठं वाटायचं. खरं सांगायचं तर आजही वाटतं.

एरवी दादा बोलका नाही. बाजारात भाव करायचा झाला तर वहिनीला पुढे करतो. तलाठ्यापुढे, डॉक्टरपुढे, व्याह्यापुढे त्याचं आपलं ‘व्हय जी, व्हय जी’. वर्षातून एक दिवस त्याचा आवाज फुटतो. बाकीचे दिवस तो त्या एका दिवसाच्या ओळी जुळवत असतो. ज्वारीत निंदण चालू असताना ओठ हलत असले की वहिनी म्हणायची, ‘पिकून राह्यली वाटते झडती.’ तिला त्याचा अभिमान होता, पण ती तो चिडवण्यातूनच दाखवायची.

मागच्या वर्षीच्या पोळ्याला एक तरुण पोलीस क्यामेरा घेऊन आला. वरून हुकूम होता म्हणे, चार माणसं जमली की रेकॉर्डिंग करायचं, मग लग्नाची वरात असो की भजन. पोरगा सालस होता, मराठी एक अक्षर कळत नव्हतं. आमच्या गावाला तर आनंदच झाला. बायकांनी बैलांना पुन्हा ओवाळून दाखवलं. म्हाताऱ्यांनी फेटे सारखे केले. बैलाच्या शिंगांचा रंग नीट यावा म्हणून लोक त्याला जवळ बोलावत होते, ‘साहेब, इथून घ्या, इथून उजेड चांगला हाय.’ वहिनीने पुरणपोळीचं ताट आणून ठेवलं. आमच्या इथे दारात आलेल्याला असंच वागवतात, त्याच्या हातात काय आहे हे कोणी पाहत नाही.

अडचण एवढीच होती की ‘हर हर महादेव’ झालं की गुलाल उडायचा, आणि तो पोरगा क्यामेऱ्यात गुलाल जाईल म्हणून दर वेळी नमन सुरू झालं की बटण बंद करून त्यावर रुमाल टाकायचा. दादाची झडती झाली, बैल पळाले, धूळ बसली, तेव्हा दादाने त्याला विचारलं, ‘बराबर आलं का जी?’

‘नहीं आया काका, आवाज बहुत था.’

दादाला वाईट वाटलं. मग तो माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसला, फेटा सारखा केला, स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सांगितलं आणि पुलाच्या इंजिनिअर साहेबावरची सगळी झडती क्यामेऱ्याकडे पाहून पुन्हा म्हटली. हळू, स्पष्ट, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी:

‘आभाय गडगडे, पानी पडे,
साहेबाच्या पुलाले मधात खड्डे!
पूल गेला वाहून, ठेकेदार बसला खाऊन,
येत्या पोयाले दोघाईलेई नाल्यात देऊ ठेऊन!’

आणि इथे तो थांबला. पोरग्याने विचारलं, ‘हो गया?’ दादा म्हणाला, ‘हो गया.’ कारण ‘हर बोला’ बाकावर बसून म्हणायचं नसतं. ते तोरणाखालीच म्हणायचं, बैलांच्या देखत, वर्षातून एकदा. नुसतं दाखवायला म्हणून महादेवाला हाक मारणं आमच्यात कोणालाही पटणार नाही. मी शेजारीच उभा होतो, मलाही त्यात काही खटकलं नाही. पोरग्याने चहा घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला.

मग कपाशी फुटली, वेचणी झाली. वेचणीच्या दिवसांत नाल्याला अवकाळी पाणी आलं आणि पुलाचा उरलेला तुकडाही गेला. दादा आणि अजून काही जण आदिलाबादला अर्ज द्यायला गेले. अर्ज मीच लिहून दिला होता, त्यात वाकडा शब्द नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ठाण्यातून दादाला बोलावणं आलं. सोबत मी गेलो.

ठाण्यातल्या साहेबांनी खुर्ची दिली. कॉम्प्युटरवर दादा दिसत होता, माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसलेला. मागे माझ्या दुकानातल्या वेफरच्या माळा लटकत होत्या. एवढा स्पष्ट आवाज होता, की दादा आधी खूश होऊन हसला. साहेबांपुढे तेलुगूत उतरवलेला कागद होता. ते हिंदीत म्हणाले, ‘साहब को और ठेकेदार को पानी में डाल देंगे, ऐसा बोला?’

‘ते झडती हाय साहेब,’ दादा म्हणाला.

‘कौन कौन है साथ में? देंगे बोला, दूंगा नहीं बोला.’

दादा माझ्याकडे पाहू लागला. मी माझ्या हिंदीत पोळा समजावला, तोरण समजावलं, शेवटच्या आरोळीने सगळं फिटतं तेही समजावलं. साहेब चांगले शिकलेले होते, त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तो इसमें वो आरोळी किधर है?’

आरोळी नव्हतीच. त्या दिवशीच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये कुठल्याच झडतीची नव्हती. प्रत्येक ठिकाणी शिव्या होत्या आणि मग रुमाल. आमचं अख्खं गाव त्यात नुसतं धमक्या देत होतं. इतके महिने त्यांनी ते का पाहिलं नाही आणि अर्ज दिल्यावरच का पाहिलं, हे मी विचारलं नाही. माझी जीभ तेवढी लांब नाही.

दादाला तहसीलदारापुढे उभं केलं. आमच्याकडे त्याला बाइंडोव्हर म्हणतात, जुने लोक मुचलका म्हणतात. वर्षभर चांगलं वागेन असं लिहून द्यायचं, मोडलं तर आत. जामीन मी राहिलो. तहसीलदार भला माणूस, त्याने पंखा दादाकडे वळवला आणि म्हणाला, ‘एक साल शांत रहना, बस.’ परत येताना बसमध्ये दादाने एकच विचारलं, ‘येता पोया या सालातच येते ना रे?’

‘येते,’ मी म्हटलं.

दादा तुरुंगाला घाबरत होता असं मला वाटत नाही. त्याला भीती होती ती येत्या पोळ्याची. झडती म्हटली तर आत जाणार, आणि नाही म्हटली तर पोळा फुटणार कसा? हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण शेतात त्याचे ओठ हलणं बंद झालं ते सगळ्यात आधी वहिनीला दिसलं. ती मला म्हणाली, ‘भाऊजी, मानूस नुसता मुका बैल होऊन राह्यला. काई तरी करा ना.’

मी काय करणार? माझ्या दुकानातच बोलणं आटलं होतं. चौकात खांबावर एक क्यामेरा आहे, मोटारसायकली चोरीला जायच्या म्हणून गावानेच वर्गणी काढून बसवलेला, नारळ फोडून. त्याचं तोंड माझ्या दुकानाकडे आहे. आधी त्याच्याकडे कोणी पाहत नसे. आता गिऱ्हाईक बाकावर बसताना पाठ त्याच्याकडे करून बसू लागलं. कोणी फोन काउंटरवर ठेवला की बोलणं पावसावर यायचं. पुलाचं नाव निघालं की कोणीतरी खोकायचं. तलमडुगूकडून माल घेऊन येणारा गाडीवाला एकदा म्हणाला, ‘काऊन बाप्पा, मयत झाली का गावात कोनाची?’ त्यावर कोणी हसलंही नाही.

मग पावसाळ्यात संसदेचं अधिवेशन लागलं. पोलिसांनी लोकांचं रेकॉर्डिंग कुठे करायचं, किती दिवस ठेवायचं, कोणाला दाखवायचं आणि माणसाला बोलायचं स्वातंत्र्य आहे त्याचं मग काय, यावर दोन्ही बाजू भांडत होत्या. दुकानातल्या टीव्हीवर मी एरवी जुने सिनेमे लावतो. दादा रोज येऊन म्हणायचा, ‘ते दिल्लीवालं लाव.’ ज्या माणसाने जन्मात बातम्या पाहिल्या नाहीत, तो गुडघ्यांवर हात ठेवून संसद पाहत बसायचा. सरकारच्या बाजूचा एक जण उठून म्हणाला, ज्याने काही केलं नाही त्याला रेकॉर्डिंगची भीती कशाची. समोरची एक बाई उठली आणि म्हणाली, रेकॉर्डिंग कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात माणूस. दादा इतका जोरात मांडीवर थाप मारून उठला की वेफरची माळ पडली. ‘आयकलं का! मी हेच त सांगून राह्यलो होतो!’ त्याने कोणालाच काही सांगितलं नव्हतं, पण मी टीव्हीचा आवाज वाढवला. किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकला होता.

पुढे गोंधळ वाढला. एकाने दुसऱ्याला चोर म्हटलं, दुसऱ्याने त्याच्या बापापर्यंत नेलं. अध्यक्ष घंटा वाजवून म्हणाले, हे रेकॉर्डमध्ये जाणार नाही, काढून टाका. दादा सावरून बसला.

‘काढून टाकते म्हंजे? बोललेलं?’

‘हो. त्यांच्या कागदातून काढतात.’

‘अन् याईच्यावर केस?’

मी त्याला सांगितलं की सभागृहात बोललेल्याबद्दल कोर्टही त्यांना जाब विचारू शकत नाही, तसा घटनेतच नियम आहे. दादाने पडलेली वेफरची माळ उचलून खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, ‘म्हंजे त्याईले तोरन हाय.’ त्यात राग नव्हता. आपल्यासारखी माणसं दुसरीकडेही आहेत हे कळल्यावर जसं बरं वाटतं, तसा त्याचा चेहरा होता. मलाच भीती वाटली. भोळ्या माणसाच्या डोक्यात हिशेब बसला की तो थेट दारात जाऊन उभा राहतो.

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन ठाण्यात गेला आणि साहेबांना म्हणाला, ‘माही झडतीई काढून टाका जी रेकॉर्डातून. दिल्लीत काढते.’ साहेब हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, ते आता इथे नाही, वर गेलं. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग दादाने विचारलं, या सालच्या पोळ्याचं काय.

‘बोलो ना काका. मना किसने किया? अपना त्योहार है, दिल खोल के बोलो,’ साहेब म्हणाले. ‘बस, रेकॉर्डिंग होगा.’

एवढं गोड बोलणं ऐकून मी दादाचा दंड धरून उठलो. दादा मात्र विचारात पडला होता. दारातून वळून त्याने विचारलं, ‘साहेब, आमी तोरनाखाली उभं राह्यलो का तवापासून घेता ना? पयल्या अक्षरापासून?’ साहेब म्हणाले, हो, पहिल्या अक्षरापासून. गुडीहत्नूरच्या रस्त्याला एक बारसं होतं, तिकडे जायचं म्हणून दादा तिथूनच पुढे गेला. त्याने तो प्रश्न का विचारला हे त्याने सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणाला, आणि वहिनी मला खुणेने म्हणाली, पाहा, ओठ हलताहेत. ती रडत होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

या वर्षी दोन पोलीस आले. एकाच्या हातात काठीवर बसवलेला क्यामेरा, दुसऱ्याच्या छातीवर छोटा, लाल दिवा लागलेला. मागच्या वर्षीचा पोरगा नव्हता. कोणी ‘इथून घ्या’ म्हटलं नाही. बैल सजलेले, डफडं वाजत होतं, पण माणसं खांद्याला खांदा लावून मागे मागे सरत होती. झडतीला पुकारा झाला. एकाचा घसा बसला होता. दुसऱ्याचा बैल बुजत होता. तिसरा हात जोडून नुसता हसला. असे सगळे गेले, आणि जी झडती शेवटची असायची ती दादाची, पहिलीच झाली.

तो तोरणाखाली गेला. काठीवरचा क्यामेरा वळला. दादाने त्याच्याकडे नीट पाहिलं, तो आपल्याकडेच वळला आहे ना याची खात्री केली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला,

‘एक नमन गौरा पारबती, हर बोला!’

आरोळी त्याने आधी दिली होती. पहिल्या अक्षरापासून घेतात, तर आधी महादेवाचं नाव यंत्रात जाऊ दे, म्हणजे पुढचं सगळं त्याच्या आड राहील आणि मग कोणी विचारणार नाही आरोळी किधर है, असा त्याचा हिशेब होता. मनातल्या मनात त्याने एकट्याने बसवलेला. आणि गावाला तो कोणी सांगितलेला नव्हता.

गावाने जे आयुष्यभर केलं तेच केलं. ‘हर हर महादेव!’ आवाज इतका मोठा आला, की वर्षभर दाबलेलं सगळं त्यात असावं. गुलाल उडाला. मानाची जोडी धरणाऱ्याने कासरा सोडला. तोरण तुटलं, बैल दादाच्या दोन्ही बाजूंनी पळाले, मागून गावचे सगळे. दादा मधे उभा, तोंड उघडं, उजवा हात वर. तो काहीतरी म्हणत होता. ओठ हलत होते ते मी पाहिलं, पण घुंगरांच्या आणि खुरांच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. धूळ बसली तेव्हा पोळा फुटून गेला होता. फुटलेला पोळा पुन्हा बांधत नाहीत.

काठीवाला पोलीस क्यामेरा आवरत मला म्हणाला, ‘इस बार बहुत अच्छा हुआ. शांति से.’ तो मनापासून म्हणत होता. मी त्याला पाणी दिलं.

गावात कोणी दादाला काही बोललं नाही. उलट काही जण त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले, बरं केलं म्हणून. त्यांना वाटलं त्याने हुशारीने वेळ मारून नेली. मला त्यांचा फार राग आला. दादा सगळ्यांना ‘व्हय जी, व्हय जी’ करत होता.

दिवेलागणीला वहिनीने मला नैवेद्याचं ताट घेऊन गोठ्यात पाठवलं. दादा बैलाच्या मानेवर हात टाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात काही म्हणत होता. लय मला ओळखू आली. झडतीच होती. अख्ख्या वर्षाची झडती तो बैलाच्या कानात म्हणत होता. मी दारातच थांबलो. मला ती ऐकायची होती. या वर्षीची झडती ऐकणारं दुसरं कोणी नव्हतंच.

त्याला चाहूल लागली आणि तो थांबला. वळून त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. खिशात फोन होता.

मी फोन काढला, बंद केला, बाहेर जाऊन ओसरीवर ठेवून आलो आणि पुन्हा दारात उभा राहिलो. म्हटलं, ‘म्हन ना दादा. मीच हाय.’

तो माझ्याकडे पाहत राहिला, माझा सख्खा भाऊ. मग त्याने माझ्या हातातलं ताट घेतलं, बैलापुढे ठेवलं आणि म्हणाला, ‘कडबा संपून राह्यला. उद्या पाह्यजे.’